कडब्याचा भाव आणि आभाळ: काही पक्के बसलेले गैरसमज

ज्वारीची काढणी उरकत आली की मंगळवेढा, बार्शी, करमाळा, जामखेड या पट्ट्यात कडब्याचे सौदे सुरू होतात. बांधावर उभं राहून शेकड्याचा भाव ठरतो, ट्रॉल्या भरतात आणि दोन-चार दिवसांत रान मोकळं होतं. या सौद्यात पैसे मोजणारा बहुतेक वेळा दुसरा शेतकरीच असतो. घरात तीन-चार दुभती जनावरं आणि चाऱ्यापुरतंही रान नाही, अशी त्याची अवस्था. दुधाचे पैसे हातात उरणार की चाऱ्यातच जाणार, हे त्याच्यासाठी त्या एका भावावर ठरतं. तरीही हा भाव हवामानामुळे कसा हलतो याबद्दल गावोगावी जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं अर्धवट आहे. त्यापायी माणसं नको त्या महिन्यात विकतात आणि नको त्या महिन्यात विकत घेतात.

“पाऊस कमी तर कडबा महाग, पाऊस भरपूर तर कडबा स्वस्त”

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. वर्षाचा एकूण पाऊस किती झाला याला कडब्याच्या बाबतीत फार कमी अर्थ आहे. पाऊस कधी झाला, याला सगळा अर्थ आहे.

महाराष्ट्रातला चांगला कडबा येतो रब्बी ज्वारीपासून, त्यातही मालदांडीपासून. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण आजही शेतकरी सोडत नाहीत. त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याचा उंच, पानाळ, जनावरं आवडीनं खातील असा कडबा. ही ज्वारी पावसात वाढत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती पेरायची आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर, थंडीवर ती पोसायची, अशी तिची रीत. म्हणून जून-जुलैत धो धो पाऊस पडला आणि उत्तरा-हस्त कोरडे गेले, तर पावसाचा आकडा सरासरीला टेकला तरी कडबा अपुराच निघतो. उलट पावसाळाभर ओढ बसली आणि हस्ताचा एक पाऊस रान भिजवून गेला, तर जिरायत ज्वारी तग धरते.

आता दुसरी बाजू. हस्तात पाऊस हटलाच नाही तर काळ्या रानाला वाफसा येत नाही. पाभर रानात घालता येत नाही आणि पेरणी नोव्हेंबरवर ढकलली जाते. उशिरा पेरलेल्या ज्वारीची ताटं खुजी राहतात आणि पीक दाणे भरण्याच्या वेळी उन्हात सापडतं. म्हणजे पाऊस जास्त झाला म्हणूनच कडबा कमी आला, असं वर्षही असतं. २०१९ मध्ये तर एकाच वर्षात दोन्ही टोकं पाहायला मिळाली. उन्हाळ्यात बीड, नगर, सोलापूर, उस्मानाबाद या जिल्ह्यांत चारा छावण्या सुरू होत्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसानं काढणीला आलेली बाजरी, मका, सोयाबीन रानातच कुजलं. बाजरीचं सरमाड आणि मक्याची वैरण दोन्ही हातची गेली.

यानंतरही आभाळाच्या आणखी दोन फेऱ्या असतात. पहिली फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणीच्या ऐन वेळी. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये झालेली गारपीट मराठवाडा आणि सोलापूर भागातला शेतकरी विसरलेला नाही. उभी ज्वारी लोळली, कणसं भिजली आणि चिखलात पडलेला कडबा काळा पडला. दुसरी मे-जूनमध्ये, कडब्याची गंज रचण्याआधी किंवा ती झाकण्याआधी. २०२५ मध्ये मे महिन्यातच मुसळधार पाऊस सुरू झाला आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोहोचला. ज्याचा चारा तोवर उघड्यावर होता, त्याला ताडपत्री टाकायलाही उसंत मिळाली नाही.

“एल निनो म्हणजे चारा महागणारच”

प्रशांत महासागर तापला म्हणजे आपल्याकडे दुष्काळ पडलाच, असं नसतं. १९९७ मध्ये विसाव्या शतकातल्या अतिप्रबळ एल निनोंपैकी एक होता आणि तरी देशातला मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला. २०२३ मध्ये मात्र एल निनोच्या वर्षी देशाचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. एप्रिलमधल्या मान्सूनच्या अंदाजावरून सावध जरूर व्हावं, पण त्या बातमीवर घाबरून चढ्या भावानं वर्षाचा चारा भरू नये आणि दारातली गायही विकू नये.

“ज्वारी पिकली म्हणजे कडबा आलाच”

दाणा आणि ताट यांची वाट एकच नसते. ओल लवकर तुटली तर कणीस पोसत नाही, पण ताट उभं असतं; अशा वर्षी दाणा जातो आणि कडबा निदान काही प्रमाणात हाती लागतो. खरिपातल्या बुटक्या संकरित ज्वारीचं उलट आहे. तिथं दाणा भरपूर येतो, पण चारा थोडा आणि जाड बुडख्याचा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्वारीचं रानच आटलं आहे. मराठवाडा-विदर्भात खरीप ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली आणि राज्यात सोयाबीनचं क्षेत्र ४५ लाख हेक्टरांच्या पुढे गेलं. रब्बीतही हरभरा आणि ऊस ज्वारीला मागे सारत आहेत. सोयाबीनची गुळी किंवा गव्हाचं भुसकट कडब्याची भर काढतं, पण जनावर ते कडब्याच्या चवीनं खात नाही. इकडे खाणारी तोंडं थोडी नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख आणि म्हशी सुमारे ५६ लाख होत्या. पूर्वी ज्वारीचं रान एवढं होतं की एखाद्या तालुक्यात अवकाळी पाऊस झाला तरी शेजारचा तालुका ती तूट भरून काढायचा. आता शेजारीही सोयाबीन असतं. त्यामुळे हवामानाचा तेवढाच फटका भावात आज पूर्वीपेक्षा मोठा दिसतो. माझ्या मते चाऱ्याच्या महागाईत आभाळाइतकाच पीकबदलाचाही वाटा आहे आणि त्याबद्दल बोलणं मात्र फार कमी होतं.

“तिकडं भाव वाढला, म्हणजे इकडंही वाढणार”

कडब्याचा बाजार सोन्यासारखा किंवा सोयाबीनसारखा एकसंध नाही. कडबा हलका आणि फुगीर. ट्रकची वजन उचलण्याची ताकद शिल्लक असते, पण हौदा भरलेला असतो. समजा एका ट्रकमध्ये पाच टन कडबा बसला आणि भाडं पंधरा हजार झालं, तर वाहतुकीचेच किलोमागे तीन रुपये चढले. भरण्या-उतरवण्याची मजुरी वेगळी. म्हणून जिथं ज्वारी आहे तिथं कडबा पडून असतो आणि दोनशे किलोमीटरवरच्या दूधपट्ट्यात त्याच आठवड्यात तो परवडत नाही.

शिवाय एकच पाऊस दोन भागांत दोन प्रकारे वागतो. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस सोलापुरात ज्वारीच्या पेरणीला ओल देतो. तोच पाऊस कोकणात कापून पसरलेल्या भातावर पडतो आणि पेंढा सडवतो. पालघर-ठाणे भागात डोंगरउतारावरचं गवत कापून, वाळवून त्याच्या गाठी बांधतात आणि त्या मुंबईच्या तबेल्यांकडे जातात. त्या गवताचंही नशीब याच दिवसांत ठरतं. एकाच बातमीवर एका जिल्ह्यातला चारा स्वस्त होण्याच्या वाटेला लागतो आणि दुसऱ्यातला महाग होण्याच्या.

आणि भावांची तुलना करताना आणखी एक फसगत होते, ती शेकड्याची. शेकडा म्हणजे शंभर पेंढ्या, पण पेंढी केवढी? कुठं दोन किलोची, कुठं अडीच, कुठं त्याहून मोठी. एका गावात शेकडा १,८०० रुपये आणि दुसऱ्यात २,००० असा भाव ऐकला की पहिलं गाव स्वस्त वाटतं. पहिल्या गावातली पेंढी दोन किलोची असेल तर किलोला नऊ रुपये पडले, दुसऱ्या गावातली अडीच किलोची असेल तर आठच. महाग वाटणारा कडबा स्वस्त निघाला. कोरड्या वर्षी ताटं बारीक आणि पेंढी हलकी भरते, पण शेकडा तोच राहतो. म्हणजे भाव न वाढताही चारा महाग झालेला असतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

“काळा पडला तरी वैरण ती वैरणच”

जाणता गिऱ्हाईक पेंढीचा आळा सोडून मधली दोन ताटं ओढतो. बाहेरून पेंढी पिवळी असते, आतून ओल धरलेली असू शकते. तो ताट मोडून पाहतो: कोरडं असेल तर कटकन मोडतं, ओलं असेल तर वाकतं. मग पान चोळून नाकाशी नेतो. कुबट वास आला की सौदा तिथंच संपतो. हा चोखंदळपणा नाही. काढलेल्या कडब्यावर पाऊस पडला की त्यातली साखर धुऊन जाते, पानं गळतात आणि पोषणाचा चांगला भाग पानांतच असतो. ओल राहिली तर बुरशी येते. बुरशीचा चारा जनावराच्या पोटात गेला तर दूध घटतं, गाभण जनावराला धोका होतो आणि काही बुरशींचं विष दुधातही उतरतं.

नुसता रंग उतरलेला, पण कोरडा आणि बिनवासाचा कडबा कमी भावात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. शंभर किलो वाळलेल्या चाऱ्याला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून प्लास्टिकनं हवाबंद झाकायचं आणि तीन आठवड्यांनी उघडायचं, या प्रक्रियेनं निकृष्ट चाराही बराच सुधारतो. माप मात्र चुकता कामा नये, लहान वासरांना हा चारा देऊ नये आणि पहिल्यांदा करताना पशुवैद्यकाला विचारूनच करावं. बुरशी आलेल्या चाऱ्याला मात्र कोणतीच प्रक्रिया लागू पडत नाही. तो उकिरड्यावर.

“भाव भडकतात ते व्यापाऱ्यांमुळेच”

साठेबाजी होतच नाही असं नाही. पण व्यापारी टंचाई निर्माण करत नाही, ती त्याला इतरांच्या आधी दिसते. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस पावसानं दडी मारली की तो फिरायला लागतो. शेतकऱ्याला टंचाई कळते फेब्रुवारीत, तोवर चांगला माल बोलून झालेला असतो.

भावाचा वर्षाचा प्रवास साधारण ठरलेला आहे. काढणीनंतर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये तो सगळ्यात खाली असतो, कारण विकणाऱ्याला रान मोकळं करायचं असतं आणि पैशांची निकड असते. मे-जूनमध्ये पावसाळ्याची बेगमी करणारे बाजारात उतरले की तो चढतो. मधल्या काळात, साखर कारखाने चालू असेपर्यंत, उसाच्या वाढ्यांमुळे ऊसपट्ट्यात कडब्यावरचा ताण हलका राहतो. गाळप बंद झालं की ताण परत येतो. ज्या दुष्काळी वर्षी ऊसच कमी असतो, त्या वर्षी हा आधारही लवकर तुटतो. दुष्काळ लांबला तर एक वेगळंच चित्र दिसतं: लोक जनावरं विकून टाकतात, मागणीच घटते आणि चाऱ्याचा भाव थोडा थांबतो. त्या थांबण्याला कुणी दिलासा म्हणू नये. दावण मोकळी झालेली असते.

टंचाईच्या वर्षी जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालतात. जिल्ह्यातल्या पशुपालकाला त्यातून आधार मिळतो, हे खरं. पण ज्यानं चारा पिकवला त्याचा भाव त्याच हुकमानं पडतो आणि बाहेरच्या दूधपट्ट्यात तो वाढतो. बंदी घालायचीच असेल तर सरकारनं तो चारा रास्त दरानं स्वतः विकत घ्यावा. नाहीतर दुष्काळाचा भार एका शेतकऱ्याच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, एवढंच.

ज्यांना चारा विकत घ्यावा लागतो, त्यांनी हिशेब आत्ताच मांडावा. एका दुभत्या गाईला हिरवा चारा आणि खुराकाबरोबर रोज पाच किलो कडबा धरला, तर मार्च ते जुलैच्या मध्यापर्यंतच्या साडेचार महिन्यांना सुमारे पावणेसात क्विंटल लागतो. अडीच किलोच्या पेंढीनं या २७० पेंढ्या झाल्या. कुट्टी न करता टाकला तर बुडखे गव्हाणीत तसेच राहतात, म्हणजे आणखी लागेल. ऑक्टोबरच्या मध्याला आसपासची ज्वारी किती पेरली गेली आणि कशी उगवली, हे स्वतः हिंडून पाहा. राज्याच्या पावसाच्या टक्केवारीपेक्षा त्यातून जास्त कळेल. पेरा कमी दिसला तर काढणीच्या आधीच ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलून ठेवा, चार-पाच घरं मिळून एक ट्रक ठरवा. आणि सौद्याला जाताना ताणकाटा बरोबर न्या. दहा पेंढ्या तोला, सरासरी काढा आणि भाव शेकड्याचा नाही, किलोचा ठरवा.