अबोल घरांतील तरुण मने

संध्याकाळी उत्तनच्या किनाऱ्यावर जावे, तर समुद्राकडे तोंड आणि जगाकडे पाठ करून बसलेली तरुण जोडपी दृष्टीस पडतात. येणारेजाणारे कोणी नाक मुरडतात, कोणी टक लावून पाहतात. ही मुले घरापासून इतक्या दूर का येतात, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

उत्तर त्या घरांतच आहे. गिरगाव-लालबागच्या चाळींतून जी कुटुंबे १९८० नंतर मीरा रोड-भाईंदरच्या वसाहतींत आली, त्यांनी चर्चगेटपर्यंतचा रोजचा लोकलप्रवास आणि घरकर्जाचे हप्ते मुलांच्या नावाने सोसले. खोली-स्वयंपाकघराच्या जागेत चार माणसे निजतात. तेथे अभ्यासाला कोपरा मिळतो, मनातले बोलायला मिळत नाही. आईबापांच्या या कष्टांविषयी आदरच वाटावा. परंतु त्यांचे नकळत ऋणपत्र बनते आणि त्यावर सही मुलांची मागितली जाते : आधी परीक्षा, मग नोकरी, मग आम्ही पसंत करू ते स्थळ. यात प्रेमाला जागा नाही आणि देहाचा तर उच्चारही नाही. मुलगी वयात आली की तिला नियम सांगितले जातात, कारणे नव्हेत. मुलाला तेवढेही कोणी सांगत नाही. तो मोबाइलवरच्या हिडीस चित्रफितींपुढे शिष्य होऊन बसतो.

ज्या मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत खटले सोसून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, ती ज्या राज्याची राजधानी, त्याच राज्याने २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. कर्व्यांना याचे आश्चर्य वाटले नसते.

घर बोलत नाही, शाळा बोलत नाही, उरतो पोलीस. उत्तन-गोराईच्या दक्षिणेस, मनोरीची खाडी ओलांडली की मढ-आक्सा लागते. तेथील हॉटेलांवर ऑगस्ट २०१५ मध्ये छापे घालून चाळीसच्या आसपास जोडप्यांना ठाण्यात नेण्यात आले. बंद खोलीतल्या सज्ञान स्त्रीपुरुषांवर ‘सार्वजनिक’ असभ्य वर्तनाचा आरोप! दंड होता बाराशे रुपयांचा. परंतु आईवडिलांना फोन लावण्याची सक्ती झाल्याच्याही तक्रारी आल्या, आणि दंडाहून त्या फोनची धास्ती मोठी होती. आपली मुले कायद्यापेक्षा आपल्याला अधिक भितात, याचा अभिमान बाळगावा काय?

अठरा वर्षांखालील मुलांच्या रक्षणासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा हवाच होता. मात्र संमतीचे वय सोळावरून अठरावर गेल्यापासून, सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमाने संतापलेला बापही त्याच कायद्याखाली फिर्याद देऊ शकतो. मग मुलगा तुरुंगात जातो, आणि मुलगी घरात कोंडली जाते.

“या विषयावर बोललो तर मुले बिघडतील,” असे पालक म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. मुलीच्या एका चुकीची किंमत आपला समाज किती निर्दयपणे वसूल करतो, हे त्यांनी पाहिलेले असते. परंतु एखाद्या मुलीची पाळी चुकते, तेव्हा ती प्रथम कोणाकडे धाव घेते? मैत्रिणीकडे, किंवा ओळख लागणार नाही अशा दूरच्या औषधाच्या दुकानात. आई त्या वेळी शेजारच्या स्वयंपाकघरात, चार पावलांवर असते.