लाल किडा म्हणजे ढेकूण नव्हे



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. विहारातली बैठक आटोपून आम्ही निघालो, तेवढ्यात तुर्भ्याच्या वस्तीतल्या एका ताईंनी थांबवले. म्हणाल्या, "जरा घरी चला. बघा काय झालंय. घर ढेकणांनी भरलंय." जाऊन पाहिले तर उंबरठ्यावर, मोरीच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपामागे लालभडक किडे. कोपऱ्यात लेबल नसलेली एक बाटली. "शेतात मारतात ते औषध आहे. सुट्टं मिळालं. आज रात्री मारून टाकतो," असे ताईंच्या मालकांनी सांगितले. खोली दहा बाय बारा, दार एक, खिडकी एक, झोपणारी माणसे पाच. त्यात दोन लहान लेकरे.

आम्ही एक किडा कागदावर घेऊन उजेडात पाहिला. तो ढेकूण नव्हताच. घरामागे सावरीचे मोठे झाड होते आणि त्याची बोंडे नुकतीच फुटली होती. तिथूनच ही पलटण आली होती.

हा किडा कोण?

शेतकरी त्याला लाल ढेकण्या किंवा तांबडा ढेकूण म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी तो कपाशीवर पाहिलेला असतो. कपाशी, भेंडी, जास्वंद, सावर आणि खाडीकाठी वाढणारे रानभेंडीचे झाड ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्या बियांत सोंड खुपसून रस शोषणे हेच त्याचे जेवण. नवी मुंबईत पारसिकच्या डोंगराकडे सावर आहे, खाडीकडे रानभेंडी आहे आणि दारोदारी डब्यात लावलेली जास्वंद आहे. म्हणून तो आपल्याकडे दिसतो. उन्हाळ्यात सावरीचा कापूस उडू लागला आणि बिया जमिनीवर पडल्या, की तो झुंडीने जमतो आणि त्यातले काही घरात शिरतात.

मोबाईलवर लाल किड्याची माहिती शोधली, तर अमेरिकेतल्या 'बॉक्सएल्डर बग'चे नाव समोर येऊ शकते. तोही काळा-तांबडा असतो, मॅपलच्या जातीतल्या एका झाडाच्या बियांवर जगतो आणि थंडी पडली की उबेसाठी घरात घुसतो. पण तो तिकडचा. तिकडचे उपाय वाचून इकडे औषधे आणू नका.

ओळख कशी पटवायची?

लाल ढेकण्या साधारण दीड सेंटीमीटर लांब, अंगाने निमुळता. रंग लाल, पंखांवर दोन काळे ठिपके, पोटाखाली पांढरे पट्टे. पिल्लांना पंख नसतात, ती नुसती लाल दिसतात. तो दिवसाउजेडी फिरतो. नर-मादी मागून एकमेकांना जोडलेले, एक पुढे ओढतोय आणि दुसरा उलटा चालतोय, असे दृश्य दिसले तर तो हाच, हे नक्की समजा.

खरा ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तपकिरी. त्याला उडायला पंख नसतात. रक्त प्यायला की फुगून लालसर होतो. दिवसा तो खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत, फोटोच्या चौकटीमागे लपतो आणि रात्री चावतो. चादरीवर काळे बारीक डाग आणि सकाळी अंगावर खाजरे फोड, ही त्याची खूण.

लाल ढेकण्या माणसाचे रक्त पीत नाही, रोग पसरवत नाही, गादीत घर करत नाही. चिरडला तर मात्र वास येतो आणि कपड्याला, भिंतीला डाग पडतो. म्हणून तो चिरडू नये, झाडून काढावा.

लाल ढेकण्यासाठी काय करावे?

झाडू-सुपलीने गोळा करून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. एक लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचे लिक्विड पुरते. हेच पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून घोळक्यावर मारता येते.

झाडाखाली पडलेली बोंडे, बिया आणि पालापाचोळा रोज उचला. मादी ओलसर मातीत, पाल्याखाली अंडी घालते. बी नाही तर किडा नाही. कचरा जाळू मात्र नका, त्या धुराने लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना त्रास होतो.

दाराखालच्या फटीत जुन्या कापडाची गुंडाळी लावा. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा. खिडकीला जाळी बसवलीत तर डासही थांबतील.

आणि किड्यासाठी झाड तोडू नका. 1975 च्या झाडे संरक्षण कायद्यानुसार शहरात परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे. शिवाय पत्र्याच्या घरांना उन्हाळ्यात तेवढीच सावली असते. बिया संपल्या की किड्यांचा घोळकाही पांगतो.

आणि खरे ढेकूण निघाले तर?

लाज बाळगू नका. ढेकूण अस्वच्छतेमुळे होतात हा गैरसमज आहे. ते प्रवासात बॅगेतून येतात, जुन्या सोफ्यातून येतात आणि बंगल्यातही होतात. चादरी, कपडे कडकडीत गरम पाण्यात भिजवून धुवा. लोखंडी-लाकडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओता. तेव्हा मुलांना दूर ठेवा. साधारण 50 अंशांच्या वर उष्णता काही मिनिटे टिकली की ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. आठ-दहा दिवसांनी हे सगळे पुन्हा करा, कारण एखादे अंडे सुटले तर त्यातून पिल्लू निघतेच. आजूबाजूच्या घरांनी एकाच दिवशी केले तर उपयोग जास्त, नाहीतर ढेकूण भिंतीच्या भेगेतून या घरातून त्या घरात जातात.

विष घरात आणू नका

ढेकूण झोप घालवतो, जीव सहसा घेत नाही. शेतीचे औषध मात्र बंद खोलीत जीव घेऊ शकते. त्यातही धान्यात ठेवायच्या गोळ्या, ज्यांना लोक 'सेल्फॉस' म्हणून ओळखतात, त्या सर्वांत घातक. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तो भेगांतून शेजारच्या खोलीतही जातो आणि त्यावर उतारा नाही. सर्वसामान्य माणसाला या गोळ्या विकायला परवानगीच नाही.

फवारणीनंतर कुणाला मळमळ, उलटी, चक्कर, छातीत दडपण किंवा धाप लागली, तर ताबडतोब सगळ्यांना उघड्यावर आणा. शेजाऱ्यांनाही बाहेर काढा. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. गोळीवर पाणी टाकू नका, वायू अधिक वेगाने सुटतो. विष पोटात गेले असेल तरी घरी उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि औषधाचे पाकीट किंवा त्याचा फोटो डॉक्टरांना दाखवा. वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथे महापालिकेची रुग्णालये आहेत. 'बघू सकाळी' म्हणत थांबू नका.

त्या दिवशी ताईंनी बाटली उघडली नाही. झाकण घट्ट करून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीवाल्या दादांना, आत विष आहे असे सांगून, वेगळी दिली. गटारात ओतली नाही. मग झाडू, सुपली, बादली घेऊन तासाभरात घर मोकळे झाले. मुलांनी मोजून एकशे चाळीस किडे पकडले आणि आठवडाभर झाडाखालच्या बिया वेचण्याचे काम आपणहून अंगावर घेतले.

तुमच्या दारात लाल किडे दिसले, तर आधी एक कागदावर घ्या, उजेडात बघा आणि तो कोण आहे हे ओळखा. औषधाचा विचार त्यानंतर.