काशीच्या आकाशातील फुगा आणि भूपथकाचे कार्य

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर चिता अहोरात्र जळत असतात. त्यांच्यावरील तापलेली हवा धूर आणि राखेचे कण घेऊन वर चढते. उष्ण हवा भोवतालच्या थंड हवेपेक्षा हलकी असते, हे भौतिकशास्त्राचे साधे तत्त्व येथे अखंड पाहावयास मिळते. याच तत्त्वावर फ्रान्समधील माँगोल्फिए बंधूंनी बनविलेला फुगा 21 नोव्हेंबर 1783 रोजी दोन माणसांना घेऊन पॅरिसच्या आकाशात विहरला. काशीत 17 ते 19 नोव्हेंबर 2021 या काळात अशा फुग्यांचा महोत्सव झाला, तेव्हा उड्डाणे गंगेच्या पैलतीरावरील डोमरी येथून झाली. जानेवारी 2023 मध्येही येथे फुगे व नौकांचा महोत्सव भरला होता. प्रत्यक्ष मणिकर्णिकेवरून मात्र असा फुगा सोडता येणार नाही. तो का, हे समजण्यासाठी जमिनीवर राबणाऱ्या पथकाचे काम पाहिले पाहिजे.

प्रथम थोडे गणित. समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.22 किलोग्रॅम असते. तीच हवा 100 अंशांपर्यंत तापविल्यास ते सुमारे 0.95 किलोग्रॅम होते. म्हणजे 2,800 घनमीटरचा फुगा जवळपास 780 किलोग्रॅम भार उचलू शकतो. त्यातच कापड, टोपली, इंधनाच्या टाक्या आणि माणसे आली. बाहेरचे तापमान 35 अंश असेल तर ही क्षमता 560 किलोग्रॅमच्या आसपास येते. उड्डाणे थंडीत आणि सूर्योदयाच्या सुमारास का होतात, याचे एक कारण येथे सापडते. दुसरे कारण म्हणजे त्या वेळी वारा मंद असतो. गंगेच्या काठी हिवाळ्यात दाट धुके पडते, त्यामुळे पुष्कळदा पथकाला धुके विरण्याची वाट पाहावी लागते.

वारा पाहण्यासाठी आधी एक लहानसा हेलियमचा फुगा सोडतात. त्याच्या गतीवरून वेगवेगळ्या उंचीवरील वाऱ्याची दिशा कळते. फुग्याला सुकाणू नसते. हव्या त्या दिशेचा वारा ज्या उंचीवर असेल तेथे चढणे किंवा उतरणे, एवढेच वैमानिकाच्या हाती असते. त्यानंतर टोपली आडवी ठेवून तिच्यावर बर्नर बसवितात व तो पेटवून तपासतात. पिशवीतून काढलेले नायलॉनचे आवरण जमिनीवर लांबवर पसरून पोलादी तारांनी टोपलीला जोडतात. दोघे जण आवरणाचे तोंड उघडे धरतात, मोठा पंखा आत थंड हवा भरतो आणि एक जण फुग्याच्या शेंड्याला बांधलेला दोर घट्ट धरून दूर उभा राहतो. आवरण फुगले की वैमानिक बर्नरची ज्योत आत सोडतो. फुगा हळूहळू उभा राहू लागतो, तसा दोरवाला त्याचा झोल आवरीत पुढे येतो. इतर सहकारी टोपलीवर भार देऊन ती दाबून धरतात आणि वैमानिकाने सांगितल्यावरच एकदम हात काढतात.

आता घाटाकडे पाहावे. आवरण पसरण्यास लागणारी मोकळी, सपाट जागा तेथे नाही. पायऱ्या, लाकडांचे ढीग, अरुंद गल्ल्या आणि विजेच्या तारा मात्र आहेत. उडणारी एक ठिणगीही नायलॉन वितळविण्यास पुरेशी असते, शेजारी प्रोपेनच्या टाक्या असतात. शिवाय शोकाकुल कुटुंबांच्या डोक्यावरून बर्नर गर्जत नेणे हे, नियम काहीही असोत, उचित नव्हे. पूर्वेकडील विस्तीर्ण वाळवंट या दृष्टीने सर्वस्वी सोयीचे आहे. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्याने तेथून घाटांची संपूर्ण रांगही नजरेत भरते.

पथकातील नवख्याला दोन गोष्टी आधी शिकवितात : दोर मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही, आणि पाय जमिनीवरून उचलला जाऊ लागताच हातातील वस्तू सोडून द्यायची. क्षणभर अधिक धरून ठेवणारा माणूस फुग्याबरोबर वर जातो. उतरण्याची वेळही तितकीच नाजूक असते. इजिप्तमधील लक्सर येथे 26 फेब्रुवारी 2013 रोजी उतरतानाच इंधनाच्या नळीतून गळती होऊन आग लागली, फुगा पुन्हा वर गेला आणि 19 जण प्राणास मुकले. टेक्सासमध्ये 30 जुलै 2016 रोजी विजेच्या तारांना धडकून 16 जणांचा मृत्यू झाला.

परीक्षार्थींनी येथे कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. 1934 च्या विमान कायद्याने 'विमान' या संज्ञेत फुग्याचाही समावेश केला होता. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 याने घेतली असून तो 1 जानेवारी 2025 पासून अमलात आहे. नागरी उड्डाणांवर देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची असते.

फुगा उडाल्यावरही पथकाला विश्रांती नसते. विजयपत सिंघानिया यांनी 26 नोव्हेंबर 2005 रोजी मुंबईहून उड्डाण करून 21,027 मीटर उंचीचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्यांचा फुगा उतरला तो नाशिक जिल्ह्यातील पांचाळे येथे. सामान्य उड्डाणातही उतरण्याचे ठिकाण आधी नेमके सांगता येत नाही; गाडी घेऊन रेडिओवर वैमानिकाशी बोलत मागोमाग जावे लागते. काशीसारख्या ठिकाणी मध्ये नदी आली की हा पाठलाग पुलाला वळसा घालून करावा लागतो. फुगा शेतात उतरला तर आधी शेतकऱ्याची परवानगी, मग आवरणातील हवा दाबून बाहेर काढणे, आणि शेवटी ते सारे कापड पुन्हा त्याच पिशवीत कोंबणे. त्यात दव असेल तर दुसऱ्या दिवशी ते उन्हात वाळवावे लागते.