छपरावरचे ऊन

हैदराबादेत वैशाखाची दुपार असह्य झाली की घरातला मनुष्य खिडकीतून येणाऱ्या झळांना दोष देतो. झळा येतात हे खरे. परंतु जामबागेसारख्या दाट वस्तीत, जेथे घरे एकमेकांच्या सावलीत उभी आहेत, तेथे उष्णता मुख्यतः वरून येते. हे शहर सुमारे १७.४ उत्तर अक्षांशावर वसले आहे. मे महिन्याच्या ९ तारखेच्या सुमारास सूर्य येथे माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावलीही दिसेनाशी होते. अशा दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन लागतच नाही म्हटले तरी चालेल. पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना ते अर्धा दिवस लागते. छप्पर मात्र सकाळपासून सायंकाळपर्यंत तापत राहते.

सिमेंटच्या गच्चीचा स्वभाव असा, की ती तापावयास वेळ लावते आणि निवावयासही. दिवसा साठविलेली उष्णता ती रात्री खालच्या खोलीत सोडते. म्हणूनच वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात मध्यरात्रीही पंखा गरम वाराच ढवळीत बसतो. पत्र्याचे छप्पर याच्या उलट. ते लवकर निवते हे खरे, पण दुपारी त्याखाली तान्हे मूल किंवा वृद्ध मनुष्य ठेवणे धोक्याचे. दिवसा उन्हाने शिणलेल्या शरीराला रात्रीही विसावा मिळाला नाही, तर उष्माघात दूर राहत नाही.

तेव्हा पैसा खर्चावयाचा तो प्रथम छपरावर. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. कळीचा चुना रात्रभर पाण्यात विरवावा; विरताना तो उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे व डोळे जपावेत. सकाळी तो गाळून त्यात थोडा डिंक घालावा, म्हणजे तो बोटाला लागत नाही. गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून दोन हात द्यावेत. पहिला वाळल्यावरच दुसरा. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग आल्या वाटेने परत पाठवितो. पावसाने चुना धुपतो, धुळीने मळतो. म्हणून हे काम दरवर्षी होळीच्या आसपास उरकावे लागते. पत्र्यावर चुना टिकत नाही. तेथे परावर्तक पांढरा रंग लावावा.

हा केवळ जुन्या लोकांचा समज नव्हे. २०१७ साली हैदराबादेतच गरीब वस्तीतील २५ घरांच्या छपरांवर पांढरे आवरण घालून पाहण्यात आले, तेव्हा आतील हवा सरासरी २ अंश सेल्सिअसने थंड राहिली. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये तेलंगण शासनाने शीतल छपरांचे धोरण जाहीर केले. त्यात सरकारी व व्यापारी इमारतींना, तसेच ६०० चौरस यार्ड किंवा अधिक भूखंडावरील निवासी इमारतींना असे छप्पर सक्तीचे ठरविण्यात आले. लहान घरांवर मात्र ते ऐच्छिक. म्हणजे ज्यांना चटका अधिक, त्यांना स्वतःच हात हलवावे लागणार. भाडेकरूची अडचण तर आणखी निराळी: ऊन त्याच्या डोक्यावर, गच्ची मालकाची! परवानगी घेऊन चुन्याचा खर्च वाटून घेणे, एवढा मार्ग उरतो, आणि चुना स्वस्त असल्यामुळे मालकही बहुधा आडवा येत नाही.

छपरानंतर पश्चिमेची खिडकी. तिला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून तट्ट्या किंवा चटई बांधणे अधिक उपयोगी, कारण काचेतून आत आलेले ऊन खोलीतच अडकते. दिवस चढताच खिडक्या मिटाव्यात, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या उघडाव्यात. पुष्कळ घरांत नेमके उलटे घडते.

वाळ्याच्या ताट्यांचा गुण मात्र हवेवर अवलंबून असतो. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते, आणि कोरड्या हवेत ते झपाट्याने उडते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादेत ओली ताटी खोली गार करते. मुंबईच्या दमट हवेत तीच ताटी नुसती ओल वाढविते. येथेही मृग बरसू लागला की ती काढून, वाळवून, गुंडाळून ठेवलेली बरी.