फ्रीजरमधला बर्फ आणि हातातली सुरी

परवा आमच्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये मटारची पिशवी बर्फात अडकली. मी सुरी उचलली, तेवढ्यात रूममेट ओरडला, "अरे थांब!" बरोबर होतं त्याचं.

या फ्रीजमध्ये बहुतेक वेळा फ्रीजरची ॲल्युमिनियमची भिंत हीच कूलिंग कॉइल असते. दोन पातळ पत्रे जोडलेले आणि मधल्या नळ्यांतून गॅस फिरतो. सुरीचं टोक आत घुसलं की गॅस गेला, कूलिंग बंद, वर मेकॅनिकचं बिल. त्यात मागच्या स्टिकरवर आर६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊच. पेट घेतो, पण सिलिंडरसारखा वास येत नाही. फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा. स्विच, प्लग, लायटर, कशालाच हात लावू नका.

मग बर्फ काढायचा कसा? प्लग काढा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं, खाली जुना टॉवेल. बस.

आणि आठवडाभरात बर्फ परत साचला तर दाराचं रबर बघा. दहाची नोट मध्ये धरून दार लावा. नोट सहज निघाली तर तिथूनच दमट हवा आत जातेय आणि तिचाच बर्फ होतोय. आमच्या रबरावर खालच्या कोपऱ्यात आमरस वाळलेला होता! साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं, नोट घट्ट बसली.

मटार पुलाव रात्री साडेदहाला झाला.