खर्चाला कात्री लावण्यापूर्वी प्रश्न नीट मांडा

सणाचा हंगाम आटोपला की बुधवार पेठेतल्या पेढ्यांवर हिशेब सुरू होतात. नफा अपेक्षेपेक्षा कमी निघाला, तर कात्री बहुधा दोनच ठिकाणी लागते. एक तर काउंटरवरच्या पोऱ्याला रजा मिळते, नाहीतर हलक्या दर्जाचा माल भरला जातो. कापडाच्या व्यापारात आम्ही उभी हयात घालवली. या दोन्ही बचती शेवटी महागात पडतात. पोऱ्याबरोबर त्याच्या ओळखीचे गिऱ्हाईक जाते आणि पहिल्या धुण्यात ज्याच्या कापडाचा रंग गेला, तो पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

मग खर्च कमी करायचाच नाही काय? जरूर करावा, पण रीतसर. या रीतीला 'व्हॅल्यू इंजिनीअरिंग' अर्थात मूल्य अभियांत्रिकी म्हणतात. नाव कारखानदारी असले, तरी ती जन्मली खरेदी खात्यात. म्हणून ती आम्हा व्यापाऱ्यांच्या अधिक जवळची आहे.

एका कागदाची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत मालाची टंचाई होती. रंगकामाच्या जागी जमिनीवर अॅस्बेस्टॉसचे पत्रे अंथरावेत, असा आगीपासून बचावाचा नियम होता. पत्रे मिळेनात. तेव्हा विक्रेत्याने विचारले, "हे तुम्हाला कशासाठी हवेत?" उत्तर मिळाले, "गळणारा रंग झेलण्यासाठी. वस्तू पेट घेणारी नसावी, एवढेच." तसा न जळणारा कागद बाजारात होता आणि तो स्वस्तही होता. नियमात तो बसेना, तेव्हा नियमच बदलून घ्यावा लागला.

याच कंपनीच्या खरेदी खात्यातील लॉरेन्स माइल्स यांनी १९४७ च्या सुमारास या विचाराला शास्त्राचे रूप दिले. १९५४ मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या जहाजबांधणी खात्याने ही रीत उचलली. भारतात या विषयाची संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली. सगळ्याचे सार एकच. वस्तू विकत घेताना आपण खरे तर तिचे काम विकत घेतो.

काम दोन शब्दांत सांगा

माइल्स यांचा नियम असा की, कोणत्याही वस्तूचे काम दोन शब्दांत सांगता आले पाहिजे. एक नाम आणि एक क्रियापद. उर्दू शाळेत आम्ही ज्याला इस्म आणि फेल म्हणत असू, तेच हे. आपल्या पेठेतला पासोड्या विठोबा सर्वांना ठाऊक आहे. तेथे पूर्वी पासोड्या विकल्या जात, म्हणून देवाला ते नाव पडले. पासोडीचे काम काय? 'थंडी अडवणे.' एकदा असे म्हटले की सोलापुरी चादर, पानिपतचे ब्लँकेट, रजई हे सगळे पर्याय समोर येतात. 'स्वस्त पासोडी कुठे मिळेल?' असे विचारले, तर एकही येत नाही.

पिशवीचे उदाहरण

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली. २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्याच वेळी पाच हजार रुपये दंड. कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्याही तेव्हा बंदीत आल्या. बाजारात जो तो विचारू लागला, "आता स्वस्त पिशवी कोणाकडे?"

हा प्रश्नच अपुरा होता, कारण पिशवी हवीच हे त्यात धरून चालले होते. पिशवीची कामे पाहा: माल वाहणे, कापड झाकणे, दुकानाचे नाव दाखवणे. एक ब्लाउजपीस नेणाऱ्याला कागदी पाकीट पुरते. ठोक गिऱ्हाइकाचा गठ्ठा टेम्पोत चढतो, त्याला पिशवी नको. साडी खोक्यात घालून खोके पुन्हा पिशवीत घातले, तर झाकण्याचे काम दोनदा होते आणि पैसेही दोनदा जातात.

म्हणून प्रश्न असा लिहावा. समजा, पिशव्यांवर वर्षाला ६०,००० रुपये जातात. 'गिऱ्हाइकाचा माल न मळता, न भिजता घरी पोहोचावा. हे काम आज ६०,००० रुपयांत होते. ते कायदा पाळून, गिऱ्हाइकाची तक्रार न येता, पुढील वर्षी ४०,००० मध्ये व्हावे.' यात काम आहे, आकडा आहे, अट आहे आणि मुदत आहे. उत्तर मात्र आधीच ठरलेले नाही.

अभ्यासाची आखणी

१. विषय निवडा. वर्षाच्या खर्चाची यादी मोठ्या रकमेपासून लहानाकडे लिहा. बहुतेक पैसा पहिल्या चार-पाच बाबींतच गेलेला दिसेल. त्यातली आपल्या हातात असलेली एकच बाब घ्या.

२. हद्द ठरवा. नोकरांचा पगार, मालाचे माप आणि दर्जा यांना हात लागणार नाही, हे आरंभीच जाहीर करा. नोकरी जाण्याची धास्ती असलेला माणूस तोंड उघडत नाही.

३. माणसे जमवा. खरेदी पाहणारा, काउंटरवरचा, हिशेबनीस, गोदाम सांभाळणारा आणि बाहेरचा एखादा, जसे की नेहमीचा शिंपी. मालकाने बसावे, पण शेवटी बोलावे.

४. माहिती आधी गोळा करा. बारा महिन्यांची बिले काढा. किती पिशव्या गेल्या, किती फाटल्या, याचा आकडा नसेल तर दोन आठवडे मोजा. अंदाजावर बैठक घेऊ नका.

५. वेळ बांधा. कारखान्यात यासाठी चाळीस तासांची कार्यशाळा घेतात. दुकान वाढवल्यावर दोन-दोन तासांच्या पाच बैठका आपल्याला पुरतात. पहिलीत माहिती, दुसरीत कामांची यादी, तिसरीत नुसत्या कल्पना, चौथीत त्यांची खर्चासह छाननी, पाचवीत लेखी प्रस्ताव. तिसऱ्या बैठकीत "हे चालणार नाही" म्हणण्यास सर्वांना, विशेषतः मालकाला, मनाई असावी.

६. निर्णय कोण आणि कोणत्या तारखेला घेणार, हे सुरुवातीलाच ठरवा. अंमलानंतर तीन महिन्यांनी बचत प्रत्यक्ष मोजा.

या सर्वाला पैसा लागत नाही. एक वही आणि दहा तास लागतात. मोठ्या दुकानांशी आणि घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांशी भावात टक्कर देणे पेठेतल्या लहान दुकानदाराला कठीण आहे. पण आपल्या दुकानातला कोणता रुपया गिऱ्हाइकाच्या कामी येतो आणि कोणता वाया जातो, हे त्याला त्यांच्यापेक्षा लवकर कळू शकते. व्यापारी बंधूंनी यंदा हिशेब मांडताना पोऱ्याच्या पगारावर बोट ठेवण्याआधी हे दहा तास जरूर द्यावेत.