बहुमंचीय भ्रमणध्वनी ॲप : विकसनपद्धतीची निवड

प्रस्तावना :

जून २००७ मध्ये आयफोन विक्रीस आला तेव्हा बाहेरच्या विकासकांना त्यावर स्वतःचे ॲप बसविण्याची सोय नव्हती. ज्यांना काही करावयाचे असेल त्यांनी ब्राउझरमध्ये चालणारी संकेतस्थळे तयार करावीत, अशी ॲपल कंपनीची त्या वेळची भूमिका होती. मार्च २००८ मध्ये विकसनाची साधने खुली झाली, जुलैमध्ये ॲप स्टोअर सुरू झाले आणि ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. तेव्हापासून विकासकांपुढे एक प्रश्न उभा आहे. एकच काम करणारे ॲप दोन प्रणालींसाठी दोनदा लिहावे, की एकदा लिहून दोन्हीकडे चालवावे? सिम्बियन, ब्लॅकबेरी आणि विंडोज फोन हे अन्य दावेदार काळाच्या ओघात बाद झाले. प्रश्न मात्र सुटला नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी अध्यापकांच्या दृष्टिकोनातून केली आहे. संगणक विभागातील अध्यापकांना अंतिम वर्षाच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करावे लागते. अन्य विषयांच्या अध्यापकांवरही महाविद्यालयाच्या ॲपविषयी एखाद्या समितीत बसून मत देण्याची वेळ येते. त्या दोघांनाही हे विवेचन उपयोगी पडावे.

मूळ पद्धत :

आयफोनसाठी स्विफ्ट आणि अँड्रॉइडसाठी कॉटलिन या भाषांत स्वतंत्र ॲप लिहिणे म्हणजे मूळ किंवा नेटिव्ह पद्धत होय. स्विफ्ट २०१४ मध्ये आली. कॉटलिनला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता २०१७ मध्ये मिळाली. फोनची प्रत्येक सुविधा पहिल्या दिवसापासून वापरता येणे हा या पद्धतीचा निर्विवाद लाभ आहे. दोष सर्वांना ठाऊक आहे, तो म्हणजे दुप्पट श्रम. त्याहून गंभीर दोष मात्र क्वचित सांगितला जातो. शुल्काची आकारणी किंवा उपस्थितीची टक्केवारी यांसारखे नियम दोन ठिकाणी लिहिले की आज ना उद्या त्यांत फरक पडतो. मग एकाच विद्यार्थ्याची उपस्थिती एका फोनवर ७५ टक्के आणि दुसऱ्या फोनवर ७४ टक्के दिसते.

वेब आणि संकरित पद्धत :

संकरित पद्धतीत ॲपच्या आत एक ब्राउझर दडलेला असतो. पडद्यावर जे दिसते ते वस्तुतः वेबपान असते आणि कॅमेरा, संपर्कसूची इत्यादींपर्यंत पोहोचण्यासाठी जोडआज्ञावली वापरल्या जातात. फोनगॅप हे या पद्धतीचे गाजलेले साधन. ते तयार करणारी कंपनी २०११ मध्ये ॲडोबीने विकत घेतली, त्याचा गाभा अपाची कॉर्डोव्हा या नावाने मुक्त झाला आणि ॲडोबीने २०२० मध्ये फोनगॅपची सेवा बंद केली.

या पद्धतीची मर्यादा जगापुढे आली ती फेसबुकच्या अनुभवामुळे. एचटीएमएल-५ वर आधारलेले आयफोन ॲप संथ चालते, ही तक्रार वाढल्यावर त्या कंपनीने ऑगस्ट २०१२ मध्ये ते मूळ पद्धतीने नव्याने लिहिले. पुढच्याच महिन्यात, एचटीएमएल-५ वर अतिविश्वास टाकणे ही कंपनीची मोठी चूक होती, असे मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीरपणे मान्य केले. हे उदाहरण पुष्कळदा वेब पद्धतीच्या विरोधात दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. २०१२ चे फोन आणि आजचे फोन यांच्या क्षमतेत मोठे अंतर आहे. शिवाय, अखंड सरकणारी छायाचित्रांची मालिका दाखविणे आणि परीक्षेचे वेळापत्रक दाखविणे ही तुल्य कामे नव्हेत.

ॲपचे काही गुण अंगी असलेल्या संकेतस्थळाला २०१५ पासून प्रगत वेब ॲप असे संबोधले जाते. ते फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवता येते, जाळे नसताना साठविलेली माहिती दाखविते आणि सूचनाही पाठविते. आयफोनवर ही सूचनांची सोय मार्च २०२३ मध्ये, आयओएस १६.४ पासून आली आणि तीही ॲप मुख्य पडद्यावर ठेवले तरच. ब्लूटूथद्वारे उपस्थिती नोंदविण्याचा विचार असेल तर हा मार्ग सोडावा लागेल, कारण आयफोनवरील सफारी ब्राउझर संकेतस्थळांना ब्लूटूथ वापरू देत नाही.

रिॲक्ट नेटिव्ह आणि फ्लटर :

सध्या बहुतेक चर्चा या दोघांभोवती फिरते. दोन्हींत आज्ञावली एकदाच लिहावी लागते. परंतु पडदा कोण रंगवितो, याबाबत दोघांत मूलभूत भेद आहे.

फेसबुकने २०१५ मध्ये मुक्त केलेल्या रिॲक्ट नेटिव्हमध्ये विकासक जावास्क्रिप्ट लिहितो, पण बटण, यादी, मजकूर हे घटक फोनच्या प्रणालीचेच असतात. आरंभीच्या रचनेत या दोन जगांमधील संदेश एका सेतूवरून जात. प्रत्येक संदेश मजकुराच्या रूपात बांधायचा, पलीकडे पाठवायचा आणि तेथे उलगडायचा. संदेश थोडे असतील तोवर हे जाणवत नाही. बोटाच्या हालचालीबरोबर शेकडो संदेश जाऊ लागले की सेतूवर गर्दी होते. नव्या रचनेत हा सेतू काढून थेट संपर्काची व्यवस्था करण्यात आली आणि ऑक्टोबर २०२४ च्या ०.७६ या आवृत्तीपासून ती मूलतः लागू झाली. एअरबीएनबी कंपनीने २०१६ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह स्वीकारून २०१८ मध्ये त्याचा त्याग जाहीर केला, ही घटना बोधप्रद आहे. जुन्या मूळ ॲपमध्ये नवे तंत्र मिसळल्यामुळे तेथील अभियंत्यांना दोनऐवजी तीन प्रकारच्या आज्ञावली सांभाळाव्या लागत होत्या.

गूगलच्या फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. त्याची भाषा डार्ट. फ्लटर प्रणालीचे घटक वापरत नाही. प्रत्येक बटण, प्रत्येक अक्षर ते स्वतःच रेखाटते. त्यामुळे ॲप दोन्ही फोनांवर हुबेहूब सारखे दिसते. मात्र प्रणालीने आपले रूप बदलले तर ते ॲपमध्ये आपोआप उतरत नाही.

मराठी ॲपच्या संदर्भात येथे एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते. देवनागरीत जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’ यांची जुळणी आज्ञावलीला करावी लागते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे असतात. काही फाँटांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी रूप उमटते. फ्लटरमध्ये ही भाषा मजकुराच्या शैलीत नोंदविता येते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही नोंद बहुधा विसरली जाते आणि परीक्षकही ती विचारीत नाहीत.

तिसरा पर्याय कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्मचा. त्यात नियम व गणिते सामायिक ठेवून पडदे मात्र दोन्हीकडे स्वतंत्र लिहिता येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते स्थिर घोषित झाले. उपस्थितीच्या टक्केवारीचा वर उल्लेखिलेला घोळ त्याने नेमका टळतो.

निवड कशी करावी :

कोणते साधन अधिक वेगवान, हा वाद महाविद्यालयीन ॲपच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक आहे. खरा प्रश्न, हे ॲप तीन वर्षांनी कोण सांभाळणार, हा आहे. साधने मरतात. झामरिन हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकत घेतले आणि मे २०२४ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. साधन जिवंत राहिले तरी गूगल प्ले दरवर्षी किमान आवृत्तीची अट पुढे सरकविते. ॲप अद्ययावत न केल्यास नव्या फोनांवरील वापरकर्त्यांना ते स्टोअरमध्ये दिसेनासे होते. ॲप लिहिणारे विद्यार्थी तर त्याच उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडलेले असतात.

भारतातील स्मार्टफोनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अँड्रॉइडवर चालतात. आयफोनचे ॲप बांधण्यासाठी मॅक संगणक लागतो आणि ॲपलचे सदस्यत्व वर्षाला ९९ डॉलरचे आहे. गूगल प्लेचे शुल्क एकदाच २५ डॉलर. ग्रामीण भागातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मॅक असण्याची शक्यता किती, हे वाचकांनीच ठरवावे. वेळापत्रक, सूचना आणि निकाल एवढीच गरज असेल तर प्रस्तुत लेखकाच्या मते प्रगत वेब ॲप पुरेसे आहे. त्याला स्टोअर लागत नाही आणि दुरुस्ती सर्व्हरवर एकदाच करावी लागते. ब्लूटूथ, पार्श्वभूमीवरील स्थाननोंद असे काही हवे असेल तर फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह. या दोहोंतील निवड विभागात जावास्क्रिप्ट शिकविली जाते की नाही, यावरून करणे व्यवहार्य ठरते. मूळ पद्धत अभ्यासक्रमात शिकवावीच, कारण बाकीच्या पद्धती तिच्यावरच उभ्या आहेत; परंतु संस्थेच्या ॲपसाठी ती परवडणारी नाही.

स्टोअरवरील खाते कोणाच्या नावे आहे, हेही प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच पाहावे. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून ॲप प्रसिद्ध करण्यासाठी गूगल प्लेला किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवसांची चाचणी लागते. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. त्यासाठी डन्स क्रमांक घ्यावा लागतो आणि तो मिळण्यास वेळ जातो, म्हणून त्याचा अर्ज प्राचार्यांच्या स्वाक्षरीने सत्राच्या आरंभीच पाठविलेला बरा.